डाळ कां शिजत नाहीं?

(उमेळें येथील एका बैठकीची हकीकत)

शेतकऱ्यास लागणारें ज्ञान कोठें मिळतें, असा प्रश्न केला असतां सामान्यतः उत्तर येतें तें असें कीं, शेतकी शाळेंत, सरकारी पत्रकांत अथवा यासारख्या मासिकांत. हें उत्तर खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. गांवांत दिवेलागणीनंतर चार माणसें ओट्यावर बसतात, विशेष काम नसतां बोलतात, आणि त्या ओघांत कोणी तरी एखादा अगदीं क्षुल्लक प्रश्न विचारतो. अशा एका क्षुल्लक प्रश्नापासून शेतीच्या हिताची केवढी मोठी गोष्ट हातीं लागली, याचा अनुभव आम्हां उमेळेंकरांस गेल्या दोन वर्षांत आला. तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उमेळें हें गांव पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यांत, वसईच्या खाडीच्या उत्तर बाजूस आहे. पश्चिम रेल्वेचें नायगांव स्टेशन जवळ असल्यामुळें पुष्कळ तरुण रोज मुंबईस चाकरीस जातात व रात्रीं परत येतात. एका बाजूस खाडी व मिठागरें, दुसऱ्या बाजूस केळी, नारळ, भाजीपाला व फुलें यांच्या वाड्या, आणि मधोमध दरसाल वाढत जाणाऱ्या इमारती, अशी या भागाची आजची स्थिति आहे. २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्यें ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला. तथापि पाऊस कसा होईल व विहिरीला पाणी किती राहील, ही आमची चिंता होती तशीच आहे.

आमची बैठक

प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करून नुकतीच सेवानिवृत्ति घेतली. शिक्षण मराठी शाळेपुरतेंच. कचेरी सुटल्यावर वेळ जाईना, म्हणून संध्याकाळीं शेजारच्या ओट्यावर जाऊन बसूं लागलों. तेथें अगोदरच पांच-सात माणसें जमत. त्यांत जन्मभर मिठागरांत राबलेले एक वृद्ध गृहस्थ, खाडींत जाळें टाकणारे एक कोळी दादा, केळीची वाडी करणारे दोघे भाऊ, एक सेवानिवृत्त मास्तर, मुंबईस नोकरी करणारा एक तरुण, व सत्तरी ओलांडलेल्या एक बाय, एवढीं मंडळी नेहमींचीं. कोणी हिंदु, कोणी ख्रिस्ती.

या बैठकीस अध्यक्ष नाहीं, वर्गणी नाहीं, आणि ठराव तर नाहींच नाहीं. निवडणूक व भाऊबंदकीचे तंटे हे दोन विषय ओट्याच्या खालीं चपलांपाशीं ठेवून यावे, असा संकेत आहे. आणखी दोन नियम आपोआप पडले आहेत. पहिला, कोणाच्याहि प्रश्नास हंसूं नये. दुसरा, "मला ठाऊक नाहीं" हें उत्तर पूर्ण समजावें व तें देणाऱ्याचा मान कमी होऊं नये. हा दुसरा नियम पाळणें मला प्रथम फार जड गेलें. कचेरींत कारकुनास "ठाऊक नाहीं" म्हणतां येत नाहीं. "उद्यां या" असें म्हणावें लागतें.

प्रश्न कसले निघत, याचा नमुना देतों. वाडीवाल्या धाकट्या भावानें एकदां मला विचारलें, "भाऊसाहेब, गुंठा तेहेतीस फुटांचाच कां? तीस कां नाहीं?" सारा जन्म गुंठे लिहिण्यांत गेला, परंतु हा विचार मला कधीं सुचला नव्हता. पुढें मास्तरांनीं हिशेब मांडला. इंग्रजी मोजणीची गंटर साहेबाची सांखळी ६६ फुटांची. तिच्या निम्म्यानें मुंबई इलाख्याच्या मोजणींत ३३ फुटांची सांखळी वापरली जाई, व तिचे सोळा आणे पाडीत. त्या सांखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे बरोबर एक एकर. मूळ माप परक्या देशाचें आणि आणे मात्र आपले, हें ऐकून मंडळींस मोठी गंमत वाटली.

चरणाऱ्या गुरांमागें बगळे कां चालतात, हाहि प्रश्न एकदां निघाला. गुरांच्या पायांनीं गवतांतले किडे उडतात, ते बगळ्यांस आयते मिळतात, हें उत्तर गुराख्याच्या पोरानें दिलें. पिकलेलें राजेळी केळें उन्हांत वाळविलें म्हणजे त्याचें सुकेळें होऊन टिकतें, आणि तसेंच सोलून ठेवलेलें केळें दोन दिवसांत कां नासतें, यावर एक संध्याकाळ गेली. पाणी उडून गेलें म्हणजे गोडी दाट होते, व जें थोडें पाणी उरतें तें त्या गोडीनें असें धरून ठेवलेलें असतें कीं बुरशीस तें मिळत नाहीं. मिठांत घातलेल्या मासळीचेंहि असेंच आहे, असा निर्णय झाला.

भरतीचा हिशेब

यापेक्षां अधिक रंगलेला प्रश्न भरतीचा. खारबंदिस्तीची उघाडी केव्हां उघडावी व केव्हां लावावी, हें भरतीवर अवलंबून असल्यानें शेतकऱ्यासहि तो जवळचा आहे. कोळी दादांनीं आपला पिढीजात नियम सांगितला. तिथीची पाऊणपट करावी; जितकें येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. अष्टमीस आठ पाऊण सहा, म्हणून सहा वाजतां भरती. हा नियम दोन्ही पक्षांस लागू. पाऊणकी पाठ असलेल्यास याला कागद लागत नाहीं.

आमच्या मुंबईच्या तरुणानें शंका काढली. पौर्णिमेस पंधरा पाऊण सव्वाअकरा होतात. पण पुढच्या पक्षाची गणना तर पुन्हां बारापासूनच होते. मग मधला पाऊण तास गेला कोठें? मंडळी क्षणभर स्तब्ध झाली. मास्तरांनीं खडूनें भिंतीवर मांडलें तें असें. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत चंद्र सूर्याच्या बारा तास मागें पडतो, आणि भरतीहि त्याच्यामागून तितकीच सरकते. बारा तास पंधरा तिथींत वांटले असतां दर तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटें येतात, पंचेचाळीस नव्हेत. म्हणजे खरा गुणक पाऊण नसून चार-पंचमांश आहे. पाऊणकीनें रोज तीन मिनिटें कमी पडतात, आणि पक्षाच्या शेवटीं पाऊण तास.

कोळी दादा रागावले नाहींत. ते म्हणाले, "पाऊणकी आमच्या बापाला येत होती, चार-पंचमांश येत नव्हते. आणि होडीला तीन मिनिटांनीं काय होतें?" मिठागरवाल्या आजोबांनीं आणखी भर घातली कीं, १९५५ पर्यंत मुंबईची वेळ निराळी असे व ती भारतीय प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें होती, तेव्हां जुना नियम कोणत्या घड्याळावर बसविला होता, हें अगोदर पाहावें. शिवाय समुद्राच्या तोंडाशीं जी भरती दिसते, ती खाडींत आंत आंत जावें तसतशी उशिरा पोंचते. आणि मोठें उधाण पुष्कळदां अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशीं न येतां एक-दोन दिवस मागाहून येतें. या वादांत कोणी हरलें नाहीं. नियम जेवढ्यापुरता आहे तेवढ्यापुरता खरा आहे, आणि त्याची मर्यादा आतां सर्वांस कळली.

असो. या साऱ्या गोष्टी मनोरंजनाच्या झाल्या. जो प्रश्न खरोखर जिव्हाळ्याचा ठरला, तो आतां सांगतों.

डाळीचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत एका संध्याकाळीं बाय म्हणाल्या, "भाऊ, हल्लीं माझी डाळ शिजत नाहीं. असें कां?" क्षणभर सर्वांच्या ओठांवर हंसूं आलें, परंतु नियम आठवून कोणी हंसलें नाहीं. कोणीं डाळ जुनी असेल म्हटलें, कोणीं गॅस मंद असेल म्हटलें. बाय म्हणाल्या, "तीच डाळ मुलीकडे नळाच्या पाण्यांत शिजते. आणि माझ्याकडे साबणालाहि फेंस येत नाहीं." तेव्हां मिठागरवाले आजोबा सावरून बसले व म्हणाले, "बाय, तुमच्या विहिरीचें पाणी मला चाखूं द्या."

पाणी तांब्यांतून आलें. आजोबांनीं चूळ घेतली, थुंकून टाकली, आणि म्हणाले, "खारें नाहीं. पण मचूळ होऊं लागलें आहे."

त्या रात्रीं घरीं जातांना मी अस्वस्थ होतों. दुसऱ्या दिवसापासून बैठकीनें एक काम हातीं घेतलें. आसपासच्या नऊ विहिरींचें पाणी चाखावयाचें, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावयाची व वहींत लिहावयाचें. तरुणानें विरघळलेल्या क्षारांचें माप दाखविणारी, लेखणीएवढी एक विजेरी कांडी विकत आणली. पिण्याच्या पाण्यांत असे क्षार लिटरास ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, व दुसरें पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. बायच्या विहिरीचें पाणी पहिल्या मर्यादेच्या बरेंच पलीकडे होतें. नऊपैकीं चार विहिरी अशाच निघाल्या, आणि त्या चारी एकाच बाजूस होत्या.

मास्तरांनीं उलगडा केला. समुद्राच्या पाण्यांत नुसतें मीठच नसतें. चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षारहि पुष्कळ असतात. हे क्षार डाळीच्या दाण्यांतील पेशींस जोडून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो त्यास धरून बसतात, म्हणून दाणा मऊ होत नाहीं. साबणाचा फेंसहि तेच क्षार मोडतात. जिभेला पाणी खारट लागण्यापूर्वीं डाळीला व साबणाला तें कळतें. चूल ही प्रयोगशाळा आहे, परंतु तिचा अहवाल आपण वाचीत नाहीं.

गोडें पाणी तरंगतें

आतां हें खारें पाणी आलें कोठून? समुद्राकांठच्या जमिनींत खालीं खारें पाणी असतेंच. पावसाचें गोडें पाणी झिरपून त्याच्यावर, पाण्यावर तूप तरंगावें तसें, तरंगत असतें; कारण तें खाऱ्या पाण्याहून थोडें हलकें असतें. याचा हिशेब १९०१ च्या सुमारास हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानें, व त्यापूर्वीं कांहीं वर्षें घायबेन नांवाच्या डच अभियंत्यानें बसविला. तो असा कीं, समुद्रसपाटीच्या वर गोडें पाणी एक फूट असेल, तर सपाटीच्या खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें. ऐकावयास हें समाधानकारक वाटतें. परंतु तोच हिशेब उलटा वाचावा. विहिरीची पातळी कायमची एक फूट उतरली, तर खालून खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर सरकूं शकतें. जमिनीच्या जातीप्रमाणें यांत कमीअधिक होतें व बदल घडण्यास वेळ लागतो, हें खरें. पण दिशा हीच.

आपल्या पूर्वजांस हर्झबर्ग ठाऊक नव्हता. तथापि त्यांनीं दोन गोष्टी केल्या होत्या. एक, वसईंत पाणी रहाटानें काढीत. बैल थकला म्हणजे रहाट थांबे, आणि तेवढ्या अवकाशांत विहीर भरून येई. विजेचा पंप थकत नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे बावखल. वसईबाहेरच्या वाचकांकरितां सांगतों कीं, बावखल म्हणजे वाडीलगत खणलेलें गोड्या पाण्याचें लहान तळें. पावसाळ्यांत तें तुडुंब भरतें आणि तें पाणी हळूहळू झिरपून शेजारच्या विहिरींस पुरवठा होतो. वसईच्या वाड्यांचें हिरवेपण ज्यांवर उभें आहे, त्यांत बावखलांचा वांटा फार मोठा आहे. गेल्या कांहीं दशकांत वस्ती वाढली, जमिनीस भाव आला, आणि पुष्कळ बावखलें मातीनें बुजविलीं गेलीं. वसईचें हिरवेपण व पाणी राखण्यासाठीं १९८० नंतरच्या दशकांत हरित वसई संरक्षण समितीची चळवळ झाली, तिचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे होते. ते २०२४ मध्यें निवर्तले. तेव्हां हा प्रश्न नवा नाहीं. आमच्या डाळीनें तो आमच्या ओट्यापर्यंत आणला, एवढेंच.

पोटखराबा

मचूळ निघालेल्या चारी विहिरी ज्या बाजूस होत्या, तेथें पूर्वीं एक बावखल होतें. तें तीन वर्षांपूर्वीं बुजविलें गेलें. येथें मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे.

नोकरींत असतां अशा जमिनींचे उतारे माझ्या हातून शेंकड्यांनीं गेले. सातबाऱ्यावर लागवडीलायक क्षेत्र निराळें लिहितात व ज्यांत पीक येत नाहीं तें पोटखराबा म्हणून निराळें. बावखलाचें क्षेत्र मीं कितीदां तरी पोटखराब्यांत लिहिलें. नियमाप्रमाणें तें बरोबरच होतें. पाण्यांत कांहीं भात पेरीत नाहींत. पण "खराबा" हा शब्द वर्षानुवर्षें लिहून माझ्या मनांतहि ती जागा खराब ठरली. कोणी विचारावयास आला कीं या खड्ड्याचें काय करावें, तर मी सहज म्हणत असें, "आकार नाहीं, उत्पन्न नाहीं, भरून टाका." हा सल्ला मीं फुकट दिला. त्याची किंमत बायसारख्यांनीं भरली. ज्या गुंठ्यांत कांहीं पिकत नव्हतें, त्याच गुंठ्यांवर भोंवतालचे एकर पिकत होते, हें उताऱ्याच्या कोणत्याहि रकान्यांत दिसत नाहीं.

आमच्या ओट्यापासून हांकेच्या अंतरावर दुसरें एक बावखल आहे. वाडीवाले दोघे भाऊ हेच त्याचे मालक. तें बुजवून जागा विकावी असा थोरल्या भावाचा विचार चालला होता, आणि तो अन्यायाचा होता असें मी म्हणणार नाहीं. मुलीचें शिक्षण, घराची दुरुस्ती, शेतीचें अपुरें उत्पन्न, हीं सर्व कारणें खरीं होतीं. शिवाय सूर्या धरणाचें पाणी आतां नळानें येतें, मग विहीर हवी कशाला, असेंहि ते म्हणत. बैठकींत त्यांस कोणीं उपदेश केला नाहीं. धाकट्या भावानें फक्त एवढेंच विचारलें, "दादा, नळ घराला पुरेल. केळीला पुरेल काय?" केळीस खारें पाणी सोसत नाहीं, पानांच्या कडा करपूं लागतात. नारळ कांहीं काळ तग धरतो, केळ धरीत नाहीं. थोरले भाऊ त्या दिवशीं लौकर उठून गेले, आणि पुढें आठ दिवस आलेच नाहींत. माझ्या मनांत आलें कीं, माणूस दुखावला.

नवव्या दिवशीं ते आले व म्हणाले, "यंदा नाहीं बुजवीत. पुढचें पुढें पाहूं. पण गाळ काढावयास मी एकटा पैसा घालणार नाहीं." त्या मे महिन्यांत गाळ निघाला. ज्यांच्या विहिरी त्या बाजूस आहेत त्यांनीं कोणीं मजुरी दिली, कोणीं स्वतः टोपली उचलली. गाळ वाडींत पसरला. मींहि टोपल्या उचलल्या. अर्थात् दुसऱ्या दिवशीं पाठीनें त्याची नोंद घेतली.

परिणाम काय झाला, तें जसेंच्या तसें सांगतों. ज्या बाजूचें बावखल राखलें, त्या बाजूच्या विहिरी गोड्या राहिल्या आहेत. बुजविलेल्या बाजूच्या चार विहिरींपैकीं दोघांनीं पंप दिवसांतून दोनदांच व थोडा वेळ चालविण्याचें ठरविलें, आणि छपराचें पावसाचें पाणी नळीनें विहिरींत सोडलें. मार्गशीर्षांत बायची डाळ नीट शिजली. वैशाखांत पुन्हां शिजली नाहीं. म्हणजे काम अर्धें झालें आहे. आणि बावखल विकण्याचा प्रश्न दरसाल नव्यानें उभा राहणार, हेंहि आम्ही जाणतों.

चार सूचना

समुद्र वा खाडीच्या कांठच्या शेतकरी बंधुभगिनींस अनुभवावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) वर्षांतून दोनदां, म्हणजे पावसाळा संपल्यावर व वैशाखांत, आपल्या विहिरीच्या पाण्याची पातळी दोरीनें मोजून तारखेसह लिहून ठेवावी. एका वर्षाच्या आंकड्यास अर्थ नसतो. पांच वर्षांच्या आंकड्यांस असतो.

(२) डाळ शिजण्यास वेळ लागूं लागला, साबणास फेंस येईना, केळीच्या पानांच्या कडा करपल्या, कीं दुकानदारास दोष देण्यापूर्वीं पाणी तपासून घ्यावें.

(३) पंप सतत न चालवितां थांबवून थांबवून चालवावा. रहाटाच्या बैलास जशी विश्रांति देत असूं, तशी विहिरीस द्यावी.

(४) बावखल, तळें वा खड्डा बुजविण्यापूर्वीं त्याच्या भोंवतालच्या विहिरी मोजाव्या, आणि त्या विहिरींच्या मालकांनींहि फुकट पाण्याचा हक्क न सांगतां गाळ काढण्याच्या खर्चांत वांटा उचलावा. एकट्या मालकानें सर्वांच्या हितासाठीं आपली जागा अडकवून ठेवावी, ही अपेक्षा न्यायाची नाहीं.

या चार सूचनांहून महत्त्वाची पांचवी एक आहे, पण तिला अंक देत नाहीं. आपल्या गांवचा ओटा मोडूं देऊं नये. घरें बंद होत चाललीं आहेत, संध्याकाळीं जो तो आपल्या खोलींत असतो. बायचा प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघरांतच राहिला असता, तर त्यांनीं डाळ बदलली असती, मग दुकान बदललें असतें, आणि दुसरें बावखल आजवर बुजून गेलें असतें. प्रश्न क्षुल्लक कीं मोठा, हें तो विचारल्यावर कळतें. म्हणून विचारणाऱ्यास बसण्यापुरती जागा व न हंसणारे चार शेजारी पाहिजेत.

आमच्या वहींत सध्यां एक प्रश्न उत्तरावांचून पडला आहे. बुजलेल्या बावखलाच्या शेजारचे दोन नारळ यंदा फळें गाळूं लागले आहेत. तें खाऱ्या पाण्यानें, कीं किडीनें, कीं निव्वळ वयानें? बैठकीचें एकमत नाहीं. ज्या वाचकांस असा अनुभव असेल त्यांनीं तो या मासिकाच्या द्वारें अवश्य कळवावा. "ठाऊक नाहीं" असें उत्तर आलें तरी आम्ही तें वहींत लिहूं.